पुनर्भरण करूनही विहीर दर वर्षी आटते? आधी पाणी कुठे हरवतंय ते शोधा

तक्रार नेहमीची आहे. पावसाचं पाणी जमिनीत मुरवायला विहिरीजवळ खड्डा केला, दगड-वाळूची गाळणी भरली, पाइप विहिरीत सोडला. दसऱ्याला विहीर तुडुंब. त्या भरवशावर गहू पेरला. संक्रांत ओलांडली की मोटर हवा पकडायला लागते आणि होळीपर्यंत तळाचा गाळ उघडा पडतो. मग उन्हाळ्यात आणखी एक खड्डा, आणखी खर्च, आणि पुढच्या संक्रांतीला पुन्हा तेच रडगाणं.

धुळे, नंदुरबार, जळगाव या तिन्ही जिल्ह्यांत लक्षण एकच, पण कारणं गावागणिक वेगळी. साक्रीच्या कातळावर जे घडतं ते चोपड्याच्या पिवळ्या मातीत घडत नाही. म्हणून ‘अमक्याने केलं, त्याला लागू पडलं’ या भरवशावर खर्च करू नका, अमक्याची विहीर बांधाला बांध लागून असली तरीही.

तपासायच्या गोष्टी तीन. पाणी जमिनीत शिरतंय का, शिरलेलं थांबतंय का, आणि थांबलेलं कोण उपसतंय. लोक पहिल्यावरच पैसे घालत राहतात, कारण खड्डा डोळ्यांना दिसतो, त्याचा फोटो निघतो आणि त्याला अनुदानही मिळतं. माझ्या मते कातळावरच्या विहिरींचं दुखणं बहुतेक वेळा दुसऱ्या आणि तिसऱ्या जागी असतं.

मोजल्याशिवाय कुदळ उचलू नका

विहिरीच्या कठड्यावर एका जागी रंगाने खूण करा. दर वेळी तिथूनच मोजायचं. दोरीला जड नट बांधा आणि अर्ध्या-अर्ध्या मीटरवर गाठी मारा. नट पाण्याला टेकला की टपकन आवाज येतो आणि दोरी हलकी लागते. सकाळी, मोटर सुरू करायच्या आधी मोजा, म्हणजे रात्रभर सावरलेली पातळी मिळेल. महिन्यातून दोनदा पुरे. पावसाळ्यात मोठा पाऊस झाला की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी एकदा जास्तीचं मोजा. वहीत तारीख, पातळी, पाऊस आणि मोटर किती तास चालली एवढं लिहा. राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आपल्या निरीक्षण विहिरी वर्षातून चार वेळा मोजते, जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरमध्ये. तालुक्याचा कल कळायला ते ठीक आहे. तुमच्या एका विहिरीत काय बिघडलंय ते त्यातून कळणार नाही.

बोअरमध्ये दोरीचा आवाज कळत नाही. तिथे दोन पदरी वायर घ्या, दोन्ही टोकं सोलून एकमेकांना लागणार नाहीत अशी बांधा, बारीक सळईचं वजन लावा आणि वरच्या बाजूला ओहमवर ठेवलेला मल्टीमीटर जोडा. टोकं पाण्याला टेकली की आकडा बदलतो. हे करताना मोटरचा मेन स्विच खाली हवा. आणि मोजण्यासाठी विहिरीत उतरायचं नाही, कितीही सराव असला तरी.

आणखी एक आकडा लागेल, तो म्हणजे मोटर तासाला किती पाणी देते. दोनशे लिटरचं टिपाड किती सेकंदांत भरतं ते बघा. चाळीस सेकंदांत भरलं तर सेकंदाला ५ लिटर, म्हणजे तासाला १८,००० लिटर. हा आकडा पुढच्या हिशोबात उपयोगी पडेल.

एका पावसाळ्याची वही भरली की ती बोलायला लागते. जुलै-ऑगस्टमध्ये चांगला पाऊस होऊनही पातळी वर सरकतच नसेल तर पाणी आत शिरत नाही. पातळी झपाट्याने वर आली, आणि ऑक्टोबरच्या शेवटी आठवडाभर मोटर बंद असतानाही खाली घसरली, तर शिरलेलं पाणी कुठेतरी निघून चाललंय. मोटर बंद असताना पातळी जागच्या जागी राहते आणि उपसा सुरू झाला की उतरून पुरती सावरत नाही, असं असेल तर पाणी उपशातच जातंय. शेजारच्या मोटरीही त्या आठवड्यात बंद असतील तर हा निकाल पक्का. नसतील तर त्या किती वाजता चालतात तेही टिपून ठेवा.

पाणी आतच शिरत नसेल तर

आधी खड्ड्याचा आवाका बघू. एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे १०,००० लिटर. दोन हेक्टर रानावर दोन तासांत ५० मिलिमीटरचा पाऊस झाला आणि त्यातलं १५ मिलिमीटर वाहून तुमच्या खड्ड्याकडे आलं असं धरा. ते झालं ३ लाख लिटर. दोन बाय दोन बाय दोन मीटरचा खड्डा ८,००० लिटरचा. त्यात दगड-वाळू भरली की पोकळी उरते साधारण चाळीस टक्के, म्हणजे ३,२०० लिटर. तळ काळ्या मातीत असेल आणि ती तासाला १० मिलिमीटर पाणी पीत असेल, तर चार चौरस मीटर तळातून तासाला मुरतं ४० लिटर. तीन लाखांतले तीन हजार दोनशे आत आणि बाकीचं सगळं नाल्याला. असे दहा खड्डे केले तरी चित्र फारसं बदलत नाही.

काळी माती ओली झाली की फुगते आणि तिच्या भेगा मिटतात. म्हणून खड्ड्याचा तळ काळी माती संपवून मुरमाला लागलाच पाहिजे. दगड टाकायच्या आधी नुसत्या खड्ड्यात टँकरने पाणी भरा, काठीवर खूण करा आणि तासाने बघा. पहिल्यांदा कोरडी माती पाणी ओढून घेते, त्यावर जाऊ नका. खड्डा रिकामा झाल्यावर लगेच दुसऱ्यांदा भरा आणि तो निकाल धरा. तासात वीतभर उतरलं तर जागा चांगली. दोन बोटं उतरलं तर तिथे पैसे घालू नका, मग ती जागा कुणीही दाखवलेली असो. पाणाड्याचा नारळ उभा राहतो की आडवा यावरून मुरण्याचा वेग कळत नाही.

खड्डा पहिल्या वर्षी चालला आणि तिसऱ्या वर्षी बंद पडला, तर गाळ साचलाय. मे महिन्यात गाळणीवरचा पाला बाजूला करून बघा. वाळूवर बोटभर जाडीचा गुळगुळीत थर दिसेल. ओला असताना तो रबरासारखा दबतो, वाळला की तडकून त्याच्या कडा वर वळतात आणि टोपलीत उचलता येतील असे पापुद्रे सुटतात. त्या बोटभर थराने आख्खी गाळणी बंद केलेली असते, खालची वाळू बहुधा स्वच्छ निघते. पापुद्रे उचला, खालची चार बोटं वाळू काढून धुऊन परत टाका, मृगाच्या आधी काम संपवा.

गाळणी उलटी भरलेलीही बऱ्याच ठिकाणी दिसते, वर मोठे दगड आणि तळाला वाळू. मग गाळ दगडांतून खाली उतरून हात पोचणार नाही अशा जागी बसतो. तळाला मोठे दगड, त्यावर खडी, सगळ्यात वर जाड वाळू, असा क्रम हवा, म्हणजे गाळ वरच अडतो. गाळणीच्या आधी पाणी थोडा वेळ थांबेल अशी गाळ बसायची टाकी हवी आणि पहिल्या एक-दोन पावसांचं गढूळ पाणी बाहेर वळवायची सोय हवी. पाणी थेट विहिरीत सोडायचं असेल तर या दोन गोष्टींशिवाय सोडूच नका. विहिरीत गेलेला गाळ झऱ्यांच्या तोंडाशी बसतो, आणि मग पुनर्भरणानेच झरे बुजतात.

बोअर पुनर्भरणाआधी बोअर पाणी पितो का ते तपासा. पाच हजार लिटरचा टँकर हळूहळू ओता आणि पातळी मोजत राहा. पाणी तोंडापर्यंत येऊन तासन्‌तास तिथेच थांबलं तर त्या बोअरला भेगा लागलेल्या नाहीत, आणि पावसाचं पाणीही तो पिणार नाही.

शिरतं, पण थांबत नाही

खानदेशात तापीकाठचा गाळाचा पट्टा सोडला तर बहुतेक ठिकाणी खाली दख्खनचा बसाल्ट आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे थरांवर थर. प्रत्येक थराचा वरचा भाग बुडबुड्यांनी भरलेला, त्याला आपल्याकडे मांजऱ्या म्हणतात. खालचा भाग घट्ट काळा पाषाण. दोन थरांच्या मध्ये कुठे कुठे लाल, गेरूसारखी माती. पाणी राहतं ते वरच्या मुरमात, मांजऱ्यात आणि पाषाणाच्या भेगांत. ते किती राहतं हे मात्र कुणी सांगत नाही. अशा खडकातून निथळून हाताशी येणारं पाणी त्याच्या आकारमानाच्या साधारण १ ते ३ टक्के असतं. एक घनमीटर मुरूम पिळला तर दहा ते तीस लिटर. त्यामुळे थोड्याशा मुरलेल्या पाण्यानेही विहीर भराभर वर येते आणि आपल्याला वाटतं, खूप पाणी झालं. २ टक्के धरले तर शंभर मिलिमीटर पाणी मुरलं की पातळी पाच मीटर चढते. उतरतानाही ती तशीच उतरते.

जमिनीखाली नदी वाहते, आपल्या विहिरीला तिची शीर लागली, असं अजूनही बोललं जातं. प्रत्यक्षात बहुतेक ठिकाणी पाणी कणाकणांमधून झिरपत सरकतं. फ्रान्समधल्या दिजाँ शहराच्या पाणीपुरवठ्यावर काम करणारे अभियंता आंरी दार्सी यांनी वाळूच्या नळकांड्यातून पाणी सोडून १८५६ मध्ये त्याचा नियम मांडला. पाणी किती वाहणार हे पातळीच्या उतारावर आणि थराच्या वाहकतेवर, म्हणजे थर पाणी किती सहज जाऊ देतो त्यावर, ठरतं. जाड वाळूतून दिवसाला १० मीटर वाहकता, दोनशे मीटरला एक मीटर उतार आणि पाव हिस्सा पोकळी धरली, तर पाणी दिवसाला वीस सेंटिमीटर सरकतं, वर्षाला सत्तर-पंचाहत्तर मीटर. चांगल्या वाळूत ही गत, मग चिकणमातीत तर विचारूच नका. बसाल्टच्या मोकळ्या भेगांत मात्र हेच पाणी कितीतरी वेगाने पळतं. वरच्या पाझर तलावाचं पाणी एका गावाला महिन्याभरात लागतं आणि शेजारच्या गावाला कधीच लागत नाही, त्याचं कारण भेगा कुठून कुठे जुळल्या आहेत यात असतं. तलावाच्या आकाराशी त्याचा संबंध थोडा.

आता पाणी पळवणाऱ्या जागा.

पहिली, शेजारचा नाला. तुमची विहीर दहा मीटर खोल आणि तिच्यात पाणी येतं वरच्या पाच मीटर मुरमातून. शेजारचा नाला सहा मीटर खोल खणून ठेवला, तर ऑक्टोबरमध्ये पूर ओसरल्यावर तोच नाला तुमच्या मुरमातलं पाणी काढून घेतो. नोव्हेंबरमध्ये नाल्याच्या कापलेल्या भिंतीकडे बघा. खालच्या अंगाला ओलसर काळी रेघ दिसते, तिच्यातून थेंब थेंब गळत असतं आणि त्याच रेघेवर हिरवं गवत उगवलेलं असतं. तुमच्या विहिरीचं पाणी ते.

इथे शिरपूर पॅटर्नबद्दल थोडं बोलावं लागेल. भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकर यांनी शिरपूर तालुक्यात २००४ पासून नाले खोल-रुंद करून त्यांवर बंधाऱ्यांची मालिका उभी केली, आणि त्याचं नाव राज्यभर झालं. तिथे तापीच्या गाळाच्या भागात वर पिवळ्या चिकणमातीचा जाड थर आहे, तो पाणी खालच्या वाळूत जाऊ देत नाही. तो थर कापला की वाट मोकळी होते. कातळाच्या गावांत मात्र अनेकांनी फक्त जेसीबीचा भाग उचलला आणि बंधाऱ्यांचा सोडून दिला. चिकणमाती नसलेल्या ठिकाणी खोलीकरणाने पाणी जिरण्याऐवजी निथळतं. असा नाला तुमच्या शेजारी असेल तर त्याला आडव्या भिंती घालून पाण्याची पातळी वर धरणं हाच उपाय. नाल्यात पाणी उभं असेल तोवर विहीर रिकामी होत नाही. खोलीकरणाचा ठराव ग्रामसभेत येईल तेव्हाच हे बोला, नंतर जेसीबी परत आणून कुणी नाला भरून देत नाही.

दुसरी जागा म्हणजे बोअर, तुमचा किंवा शेजाऱ्याचा. पारोळ्याकडच्या एका म्हाताऱ्या बाबांनी हे नेमकं सांगितलं होतं: “रातले बोअरमा पानी पडाना आवाज येस, भाऊ.” रात्री गाव शांत झालं की बंद बोअरच्या तोंडाला कान लावा. खाली खळखळ किंवा टपटप ऐकू आली तर वरच्या मुरमातलं पाणी बोअरमधून खाली कोसळतंय. केसिंग (बोअरच्या वरच्या भागात बसवलेला पाइप) वीस फुटांचं आणि मुरूम-मांजऱ्या साठ फुटांपर्यंत, असं असलं की हे होतंच. वरच्या थरातलं पाणी, ज्यावर गावच्या सगळ्या उघड्या विहिरी जगतात, ते त्या भोकातून खालच्या कोरड्या थरात चोवीस तास निथळत राहतं. मोटर चालू असो वा नसो. तोंडावर झाकण बसवलेले, सोडून दिलेले बोअरही हेच काम करतात, आणि त्यांची गावात मोजदाद नसते.

उपाय खर्चाचा आहे, पण दुसरा नाही. नवा बोअर घेताना केसिंग घट्ट पाषाणात बसेपर्यंत न्या आणि बाहेरची फट सिमेंटने किंवा चिकणमातीने बुजवा. बोअरवाला केसिंगचे पैसे वाचवून देतो म्हणाला तर हो म्हणू नका. फुकट गेलेले बोअर मुरमाच्या खालच्या पातळीपर्यंत खडीने आणि त्यावर चिकणमातीने भरून टाका. लहान मुलांच्या जिवाच्या दृष्टीनेही ते भरलेलेच बरे.

तिसरी गोष्ट धुळे-साक्री-नंदुरबारकडची. या भागात काळ्या दगडाच्या लांबच लांब, सरळ, भिंतीसारख्या टेकड्या दिसतात, बहुतेक पूर्व-पश्चिम. त्या जमिनीखालीही तशाच उभ्या गेलेल्या असतात. भूवैज्ञानिक त्यांना डाईक म्हणतात, आणि देशातल्या मोठ्या डाईक-समूहांपैकी एक धुळे-नंदुरबारमध्ये आहे. घट्ट डाईक भूजलाला आडवा येतो. उताराच्या वरच्या अंगाला पाणी तुंबतं, खालच्या अंगाच्या विहिरी तहानलेल्या राहतात. दोन विहिरींत शंभर पावलांचं अंतर, एकीला मेपर्यंत पाणी आणि दुसरी डिसेंबरात कोरडी, असं असेल तर मधून अशी भिंत गेली आहे का बघा. काही डाईक स्वतःच भेगाळलेले असतात, आणि मग ते पाणी अडवायचं सोडून आपल्या लांबीने वाहून नेतात. दोन्हीकडच्या विहिरींची पातळी एकाच दिवशी मोजली की कुठला प्रकार आहे ते कळतं. पातळीत मोठी पायरी असेल तर भिंत घट्ट. खालच्या अंगाला राहणाऱ्याने खड्डे करून पैसे घालण्यापेक्षा वरच्या अंगाच्या शेतकऱ्याशी सामाईक विहिरीचा सौदा केलेला परवडतो. भाऊबंदकी आडवी येते हे मला ठाऊक आहे, पण खडक तिच्यासाठी जागा बदलत नाही.

पाणी वाहून जातंय हे नक्की झालं की काम विहिरीच्या खालच्या अंगाला करायचं. अरुंद नाला, त्यात दोन-चार मीटर वाळू किंवा मुरूम आणि खाली घट्ट पाषाण, अशी जागा मिळाली तर भूमिगत बंधारा घाला. नाल्याला आडवा चर पाषाणापर्यंत खणायचा, त्यात चिकणमाती थराथराने चोपून भिंत उभी करायची आणि माथा नाल्याच्या तळाखाली ठेवायचा. जमीन बुडत नाही, पाणी उन्हाने उडत नाही, पुरात वाहूनही जात नाही. फक्त चर खरोखर पाषाणाला आणि दोन्ही काठांना भिडला पाहिजे, एका जागी फट राहिली तरी पाणी तिथूनच निघून जातं.

रावेर, यावल, चोपडा: इथे वरचं सगळं लागू नाही

सातपुड्याच्या पायथ्याशी गोष्ट उलटी आहे. डोंगरातून उतरणाऱ्या सुकी, मोर यांसारख्या नद्यांनी पायथ्याला गोटे, खडी आणि वाळूचा काही किलोमीटर रुंद पट्टा टाकून ठेवलाय. भूवैज्ञानिकांच्या भाषेत तो बझाडा. पूर या गोट्यांत शिरतो आणि दिसेनासा होतो. तिथून दक्षिणेला, तापीकडे, बारीक माती आणि पिवळ्या चिकणमातीचे थर वाढत जातात. तापीच्या या गाळाची जाडी कित्येक ठिकाणी शंभर मीटरहून जास्त आहे. साठवण बसाल्टच्या कितीतरी पट. केळीने दशकानुदशकं ती उपसली, आणि रावेर-यावल हे तालुके राज्याच्या भूजल मूल्यांकनात अतिउपशासाठी वारंवार पुढे आले.

इथली नेहमीची तक्रार अशी की शेततळ्याशेजारी खड्डा केला, दोन वर्षं झाली, बोअरची पातळी इंचभर हलली नाही. हलणार कशी? भूजल खूप खोल गेलंय, आणि खड्डा आहे चिकणमातीत. मुरलेलं पाणी खाली पोचायलाच काही वर्षं लागू शकतात. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने देशभरात ट्रिशियम (हायड्रोजनचा किरणोत्सारी प्रकार) वापरून हेच मोजलं आहे. पावसाळ्याआधी जमिनीत हातभर खोलीवर ट्रिशियमयुक्त पाणी सोडायचं आणि पावसाळ्यानंतर माती काढून ते किती खाली सरकलं ते बघायचं. वरून येणारं नवं पाणी जुन्या ओलाव्याला खाली ढकलत जातं. म्हणजे यंदा तुमच्या बोअरला लागलेलं पाणी यंदाच्या पावसाचं असेलच असं नाही.

म्हणून या पट्ट्यात जागा सगळ्यात महत्त्वाची. पैसे आणि श्रम गोट्यांच्या पट्ट्यात, नाल्याच्या पात्रात घाला, गावाच्या वरच्या अंगाला, भले ती जमीन तुमची नसो. चिकणमातीच्या भागातच करायचं असेल तर उथळ खड्डा सोडून द्या आणि चिकणमाती भेदून खालच्या कोरड्या वाळूपर्यंत जाणारी पुनर्भरण विंधन विहीर घ्या, वर नीट गाळणी लावून. निकाल एका पावसाळ्यात मागू नका, पाच वर्षांची वही ठेवा. तापीचं पुराचं पाणी पायथ्याच्या या पट्ट्यात मुरवायच्या मेगा रिचार्ज योजनेसाठी महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश यांनी मे २०२५ मध्ये करार केला आहे. योजनेची कल्पना भूशास्त्राला धरून आहे, पण कालवे होईपर्यंत तुमच्या बोअरला थांबायला वेळ नाही.

राहतं, पण उपसलं जातं

हा भाग कुणाला ऐकायला आवडत नाही. तुमच्याखाली एक हेक्टर बसाल्ट, पावसाळ्यात पातळी पाच मीटर वर आली, निथळणारं पाणी २ टक्के. हाती आलं १,००० घनमीटर, म्हणजे १० लाख लिटर. टिपाडाने मोजलेली मोटर तासाला १८,००० लिटर देते, दिवसाला आठ तास चालली तर १ लाख ४४ हजार. सात दिवसांत एक हेक्टरखालचं सगळं पाणी वर. आजूबाजूच्या पाच-सहा हेक्टरखालूनही पाणी सरकून येतं म्हणून विहीर महिना-दोन महिने पुरते. पण त्या हेक्टरांवरही कुणाची तरी विहीर आहेच.

दहा लाख लिटर म्हणजे एका हेक्टरवर १०० मिलिमीटर. गव्हाला पाटाने दिलं तर दोन पाण्यांत संपलं. हरभऱ्याला, दादर ज्वारीला तेवढ्यात हंगाम निघतो. केळीला वर्षभरात साधारण १,५०० ते २,००० मिलिमीटर लागतं, आणि पाऊस धुळ्याकडे साडेपाचशे-सहाशे, जळगावकडे सातशेच्या आसपास. बसाल्टवर केळी किंवा ऊस लावून ‘पुनर्भरण फेल गेलं’ म्हणायला जागा नाही. ऑक्टोबरच्या शेवटी पातळी मोजा, हा हिशोब मांडा आणि मग बियाणं आणायला जा. ठिबक केलं आणि वाचलेल्या पाण्यावर क्षेत्र वाढवलं, तर विहीर त्याच तारखेला आटेल.

पाण्यात भलतं काही येत असेल तर

पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा साधा टीडीएस मीटर काहीशे रुपयांत मिळतो. मोठ्या पावसानंतर दोन दिवसांत विहिरीचा आकडा एकदम खाली आला तर पावसाचं पाणी भेगेतून थेट येतंय, वाटेत गाळलं जात नाही. पातळी चढली पण आकडा तसाच राहिला तर जुनं पाणी ढकललं जातंय, मुरणं सावकाश आहे. पहिल्या प्रकारात शेतातलं पाणी बोअरमध्ये सोडणं धोक्याचं. युरिया टाकल्यावरच्या पहिल्या पावसाचं पाणी, गोठ्याकडचं किंवा गटाराला लागून आलेलं पाणी बोअरमध्ये जाता कामा नये. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. एकदा ते खोल थरात गेलं की काढायला सोपी वाट नाही, आणि तो बोअर पुढे कुणी नळाला जोडेल हे सांगता येत नाही. बोअरसाठी छपराचं पाणी सगळ्यात चांगलं. शंभर चौरस मीटर पत्र्यावर १०० मिलिमीटर पाऊस झाला तर १०,००० लिटर. पिण्याच्या पाण्यापुरतं ते मोलाचं आहे, सिंचनाची आशा त्यावर ठेवू नका.

एवढं करूनही उलगडा झाला नाही तर जिल्ह्याच्या भूजल सर्वेक्षण कार्यालयातल्या भूवैज्ञानिकाला दाखवा. रिकाम्या हाताने जाऊ नका. निदान एका वर्षाची पातळीची वही, मोटरचे तास, गट नंबरचा नकाशा आणि त्यावर शेजारच्या विहिरी-बोअरांच्या खुणा, भरलेल्या आणि सोडून दिलेल्याही. शिवाय विहीर खोदताना किती फुटांवर काय लागलं ते. हे कागदावर बहुधा नसतं. ज्यांच्या हयातीत ती खोदली गेली त्या आबा-नानांना विचारून घ्या: मुरूम कुठे संपला, लाल माती लागली का, पहिला झरा कुठल्या अंगाला आणि किती खोलीवर फुटला. बोअर असेल तर बोअरवाल्याकडून केसिंगची लांबी लिहून घ्या. बिलावर ती असते.